डेल्फ्टला गेलेली पाठराखीण

हॉलंड हा देश समुद्रसपाटीच्या खाली आहे, हे मी पणदऱ्याच्या शाळेत कित्येक वर्षं शिकवत आलो. फळ्यावर एक आडवी रेघ मारायची, रेघेच्या वर 'समुद्र' लिहायचं, खाली 'हॉलंड' लिहायचं, की धडा संपला. मग एखादं पोरगं उठून विचारायचं, "गुरुजी, मग ती माणसं बुडत कशी न्हाईत?" त्यावर "पुढचा धडा काढा" हे माझं ठरलेलं उत्तर. या उत्तराबद्दल वरून कुणीतरी मला एक दिवस उभं करणार, याची कल्पना नव्हती. शहाण्णव सालच्या सप्टेंबरात मी स्वतःच त्या रेघेच्या खाली जाऊन उभा राहिलो, आणि तेही दुसऱ्याच्या कोटात.

कोट दाजींचा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. भवानीनगरच्या पुढं कालव्याच्या कडेला त्यांचं रान. त्यातला पूर्वेचा तुकडा उसाला पाणी पाजून पाजून खारवला होता. उन्हाळ्यात त्यावर पांढरी साय धरायची. त्यांची एकुलती एक लेक वैजू लहानपणी ती माती जिभेला लावून बघायची आणि तोंड वाकडं करायची. त्या खारट मातीचा नाद तिला असा लागला, की ती शेतकी कॉलेजात गेली, तिथून पुढं शिकली, आणि शेवटी जमिनीतलं पाणी बाहेर काढायची विद्या शिकायला तिला हॉलंडातल्या डेल्फ्ट गावची शिष्यवृत्ती मिळाली.

"पोरीला सोडाय मी जानार," दाजींनी त्याच दिवशी जाहीर केलं. बारामतीच्या शिंप्याकडून जाड लोकरीचा काळा कोट शिवून आणला. दाजी सहा फूट उंच. कोट अंगावर घालून ते गोठ्यापासून विहिरीपर्यंत चालत जाऊन आले आणि म्हणाले, "गरम होतंय." कोट घडी घालून ट्रंकेत गेला. जूनच्या सुरुवातीला रानात पाण्याचं बारं धरताना दाजींच्या छातीत कळ आली आणि ते बांधावरच गेले. अस्थी नरसिंहपूरच्या संगमात सोडल्या. आषाढात गाई विकल्या, कारण धारा काढायला कुणी उरलं नव्हतं. दावी वैजूनं स्वतःच्या हातानं सोडली.

मग ती म्हणाली, "मी न्हाय जात."

अक्का म्हणाली, "जायचं."

एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी अक्कानं मला बोलावून घेतलं. आमच्याकडं लेक लग्न होऊन सासरी निघाली, की तिच्यासोबत माहेरची एक बाई जाते. तिला पाठराखीण म्हणतात. नव्या घरात नवरी बावरू नये म्हणून ती चार दिवस तिच्या पाठीला पाठ लावून राहते, आणि मग दोघी मिळूनच माहेरी परत येतात.

"बाळू," अक्का म्हणाली (माझं पन्नाशीकडं झुकलेलं वय तिला अजून कुणी कळवलेलं नाही), "कोसावर लेक देताना आपन पाठराखीण धाडतो. ही तर समुद्रापल्याड चाललीया. बाप असता तर बाप गेला असता. आता तू जा."

"अगं, पाठराखीण बाई असते."

"तू तरी कुठं मोठा गडी लागून गेलायस!"

हे झालं सगळ्यांसमोर. निघायच्या आदल्या सकाळी मात्र विहिरीपाशी मी एकटा दात घासत असताना ती आली आणि हळू आवाजात म्हणाली, "रमली तर र्‍हाऊ दे तिला. न्हाय रमली तर घिऊन ये माघारी. मला बरंच हाय त्ये." आणि माझ्याकडं न बघताच तिनं घागर बुडवली. माझ्या तोंडात फेस होता, त्यामुळं मी काहीच बोललो नाही. नसता तरी बोललो नसतो. मलाही बरंच होतं ते.

पासपोर्ट, व्हिसा, विमान यांच्या हकिकती सांगून मी वाचकांचा वेळ घेत नाही. त्यांनी माझा घेतला तेवढा पुरे. एवढंच सांगतो, की दाजींच्या कोटाच्या बाह्या माझ्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. ॲम्स्टरडॅमच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबानं माझ्याकडं पाहिलं, मग बाहीकडं पाहिलं, आणि तिच्यातून पासपोर्ट बाहेर येईपर्यंत तो सभ्यपणे वाट बघत राहिला.

डेल्फ्ट, घरमालकीण बाईंकडं

डेल्फ्ट गावात रस्त्याच्या मधोमध कालवे आहेत. आमचा नीरेचा कालवा गावाला वळसा घालून रानात जातो. हे कालवे घरांच्या दारातून जातात. पाणी इतकं स्थिर, की त्यावर हिरवं शेवाळ बसलेलं, आणि एक बदक त्यातून चाललं की मागं काळी वाट उघडायची. प्रत्येक पुलाच्या कठड्याला सायकली टेकवलेल्या. चौकात उंच मनोरा, त्याच्यातल्या घंटा दर थोड्या वेळानं गाणं म्हणतात. आणखी एक नवल म्हणजे खिडक्यांना पडदे नाहीत. संध्याकाळी रस्त्यानं चालावं, तर डावी-उजवीकडं लोक जेवताना दिसतात. आमच्याकडं असं दिसलं की "या जेवायला" म्हणतात. इथं कुणी मान वर करत नव्हतं. मी मात्र सवयीनं पहिल्या दोन-तीन घरांना हात जोडले. वैजूनं बाही ओढून मला पुढं काढलं. ओढायला बाही भरपूर होती.

वैजूची खोली एका म्हाताऱ्या विधवा बाईंच्या घरात होती. उंच, हाडापेरानं मजबूत, पांढरे केस कापलेले. त्यांचं आडनाव काही माझ्या जिभेवर बसेना, तेव्हा मी त्यांना 'काकू' म्हणायला लागलो आणि त्यांनी ते हरकत न घेता ऐकून घेतलं. त्यांनी कॉफी दिली, पत्र्याचा डबा उघडला, प्रत्येकाला एक बिस्कीट दिलं आणि डबा बंद केला. टप्प असा आवाज आला. यावर मी अक्कानं दिलेला स्टीलचा डबा काढला आणि त्यांच्या बशीत करंज्या रचायला सुरुवात केली. पाठराखीण माहेरची शिदोरी घेऊन जाते आणि सासरच्यांचं पोट भरेपर्यंत हात आखडत नाही. बाई दोन्ही हात हलवून काहीतरी सांगत होत्या. मला वाटलं, आग्रह चाललाय, म्हणून मी आणखी दोन ठेवल्या. शेवटी त्यांनी एक करंजी सुरीनं कापून तिचे चार भाग केले, एक भाग खाल्ला, डोळे मिटले आणि मान हलवली. बाकीच्या करंज्या त्यांच्या डब्यात गेल्या. टप्प.

मग त्यांनी वैजूला इंग्रजीत विचारलं, "हे गृहस्थ कुठं उतरलेत?"

वैजूनं माझ्याकडं पाहिलं. "मामा, तुमी कुठं उतरलाय?"

"कुठं म्हणजे? इथंच. तुझ्यापाशी."

हे भाषांतर करून सांगताना पोरीचा चेहरा लाल झाला. घरमालकिणीला आम्ही पाठराखिणीची कल्पनाच दिली नव्हती. आमच्या डोक्यातच आलं नाही, की ती द्यावी लागते. लग्नपत्रिकेत कुणी 'सोबत पाठराखीण येईल' असं छापतं का?  बाहेर घंटांनी एक गाणं पूर्ण म्हटलं. मग बाई उठल्या आणि मला शिडीसारख्या उभ्या जिन्यानं माळ्यावर घेऊन गेल्या. आमच्याकडं माळ्यावर कांदे पसरतात. त्या कांद्यांच्या जागेवर मी चार दिवस राहिलो आणि उतरताना दर वेळी बसून, एकेक पायरी करत उतरलो.

सकाळी न्याहारीला पाव आणि त्यावर काळे बारीक दाणे. मी मोहरी समजून आनंदानं भरपूर घेतले. निघालं चॉकलेट. मी चेहरा न हलवता खात होतो, तेव्हा बाईंनी माझी बाही चहात बुडताना पाहिली. त्या काहीतरी म्हणाल्या आणि दोन बोटांची कात्री करून दाखवली.

"कोटाच्या बाह्या कापून देऊ का, असं विचारतायत," वैजू म्हणाली.

"नको. कापू नको म्हणावं."

वैजूनं त्यांना सांगितलं, की कोट तिच्या वडलांचा आहे. 'आहे' म्हणाली आणि मग थांबून 'होता' म्हणाली. बाईंनी कप खाली ठेवला. आत जाऊन सुईदोऱ्याची पेटी आणली, माझ्या अंगावरच बाह्या आत दुमडल्या आणि लांब लांब, सैल टाके घातले. काम झाल्यावर त्यांनी नखानं एक टाका उचलून दाखवला. हा कधीही उसवता येतो, असं त्यांना सांगायचं होतं. त्याला भाषांतर लागलं नाही.

कॉलेजात

नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताला मी वैजूच्या शेजारी पहिल्या रांगेत बसलो. पाठराखिणीनं नवरीला सोडून उठायचं नसतं, हे माझ्या डोक्यात पक्कं. कुणीतरी माझ्याही छातीवर कोरी चिठ्ठी चिकटवली आणि नाव लिहायला पेन दिलं. मी नाव लिहिलं. मग गुडघ्यापर्यंत बूट घातलेले मोठे प्रोफेसर एकेकाशी हात मिळवत माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी विचारलं, की आपण कोणत्या प्रश्नावर काम करणार?

मी इंग्रजीत म्हणालो, "मी मामा आहे."

प्रोफेसर म्हणाले, "फारच छान. आणि विषय?"

तेव्हा वैजूला सगळं उलगडून सांगावं लागलं. सासर, माहेर, नवरी, चार दिवस, पाठराखीण. आसपासची पोरं ऐकायला गोळा झाली. आफ्रिकेतला एक मुलगा म्हणाला, की आमच्याकडंही असंच आहे, आत्या जाते. सगळे हसले. चांगल्या मनानं हसले. प्रोफेसरांनी विचारलं, "मग ही पाठराखीण परत कधी जाते?"

"चार दिवसांनी. नवरीला घेऊन," वैजू म्हणाली.

"छे छे," ते म्हणाले आणि हसत माझा हात दाबला. "ही नवरी आम्हाला ठेवून घ्यायची आहे."

मीही हसलो. माणूस चांगला होता. पण परत येताना कालव्याच्या कडेनं ते वाक्य आम्हा दोघांच्या मधून चालत होतं.

गावाबाहेर

रविवारी आम्ही गावाबाहेर फिरायला गेलो. घरं संपली आणि मी फळ्यावर मारत आलेली रेघ समोर आली. खरीखुरी. कालवा वर, बांधाच्या उंचीवर, आणि गाईंची कुरणं खाली. बांधावर उभं राहिलं, की एका हाताला पाणी छातीशी आणि दुसऱ्या हाताला गाईंच्या पाठी पायाशी. माणसं का बुडत नाहीत, ते वैजूनं मला तिथं समजावून सांगितलं. शेतात जमिनीखाली नळ्या पुरलेल्या असतात, त्यातून पाणी चरात येतं, चरातून पंपानं उचलून वर कालव्यात टाकतात. रात्रंदिवस. आमच्याकडं पाणी रानात यावं म्हणून भांडणं, इथं ते जावं म्हणून सगळा देश राबतोय.

"पाण्याबरोबर खार पण धुऊन जातो मामा. आपल्या पूर्वेच्या तुकड्यात अशाच नळ्या टाकल्या की..."

बोलत बोलत ती बांध उतरून खाली गेली. चराच्या कडेची माती चिमटीत घेतली आणि लहानपणी घ्यायची तशी जिभेला लावली.

"खारट हाय का?" मी वरून विचारलं.

तिनं मान हलवली. नाही. मग ती खाली बसली, तशीच, ओल्या गवतावर. मी बांधावरून बसून, एकेक पाऊल सरकत उतरलो. जवळ जाईपर्यंत तिचं तोंड ओढणीत गेलं होतं.

"बाबांना दाखवायचं होतं," ती म्हणाली. "त्यांना पटतच नव्हतं. म्हनायचे, एकदा खारलं की रान मेलं. त्यांना हितं आनून उभं करायचं होतं मला." आणि थोड्या वेळानं, "मामा, मला न्या माघारी. आई तितं एकटी हाय. कुणासाठी शिकू मी?"

खरं सांगतो, मला त्या क्षणी हलकं वाटलं. पाठराखीण नवरीला घेऊनच परतते. अक्कानं विहिरीपाशी सांगितलेलं मी तिला सांगितलं नाही, पण "चल," एवढं लगेच म्हणालो. "उद्या फोनवर आईला सांगू. तिला बरंच वाटेल." संध्याकाळी तिनं बॅग भरली. काकूंनी दारातून पाहिलं आणि त्या दिवशी प्रत्येकाला दोन बिस्किटं दिली.

फोन

भवानीनगरात कारखान्याच्या फाटकासमोर एसटीडीचं पिवळं दुकान आहे. सोमवारी दिवेलागणीला अक्का तिथं येऊन बसणार, असं निघतानाच ठरलं होतं. डेल्फ्टात तेव्हा दुपार. रस्त्याकडेच्या काचेच्या खोपटात आम्ही दोघं घुसलो. कोटासकट मी आणि ती, जेमतेम मावलो. दोघांनी रिसीव्हरला कान लावले.

"ह्यालो! बाळू? ऐकाय येतंय का रं?"

"येतंय. हळू बोल अक्का, हितली माणसं बघायला लागली."

"बघंनात का! कोट घालतुयास न्हवं?"

"घालतोय."

"लांब होत आसंल."

"होत होता. आता बसतोय."

 मग, "पोरीला दे."

वैजूनं रिसीव्हर घट्ट धरला. "आई," म्हणाली, आणि पुढचं वाक्य गोळा करत होती, तेवढ्यात अक्काच सुरू झाली, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"माजी काळजी करू नगंस बरं का. लय झ्याक चाललंय माजं. काल धपाटी केली. रातच्याला कमळाबाई येती झोपाय. सकाळी उठलं की धारा काढायच्या, दूध डेरीला घालायचं, दिस कसा जातो त्ये कळत न्हाय बघ. तू रमलीस न्हवं?"

खोपटाच्या काचेवर आमच्या श्वासांची वाफ धरली होती. वैजूनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं.

कुठल्या धारा? कुठलं दूध?

"रमलीस न्हवं गं?" अक्कानं पुन्हा विचारलं. या वेळी आवाज चढा नव्हता.

"व्हय आई," वैजू म्हणाली. "रमले. समदी चांगली हाईत हितली. बाई तर लई जीव लावते. भात पण मिळतो."

भात आम्ही त्या गावात आल्यापासून पाहिला नव्हता.

"मग झालं तर," अक्का म्हणाली. "आता ठेव. गाई वरडत असतील."

वैजूनं रिसीव्हर ठेवला आणि काचेवरच्या वाफेकडं बघत उभी राहिली. बाहेर एक माणूस फोनसाठी थांबला होता. त्यानं आत पाहिलं आणि तो आपणहून पुढच्या पुलापर्यंत चालत गेला.

"आईनं माझ्यासाठी गाई परत गोठ्यात बांधल्या मामा," ती म्हणाली. "आता मी कुठल्या तोंडानं माघारी जाऊ?"

मी भूगोलाचा मास्तर. यावर माझ्याकडं "पुढचा धडा काढा" एवढंच होतं, आणि ते मी बोललो नाही. विहिरीपाशी अक्का काय म्हणाली होती, ते तेव्हा सांगितलं असतं तर पोर माझ्याबरोबर आली असती. पण त्याच अक्कानं आता भर दुकानात, आपल्या तोंडानं, ते मागं घेतलं होतं. मी मध्ये पडणारा कोण? घरी जाऊन वैजूनं बॅग मोकळी केली. कपडे कपाटात लावताना ती फार काळजीपूर्वक लावत होती, जशी सासरी पहिल्या दिवशी लावतात.

स्टेशन

डेल्फ्टच्या फलाटावर वारा वाहत होता. गाडीला थोडा वेळ होता. ती माझ्या पिशवीत पाव भरत होती, मी तो बाहेर काढत होतो, असं आमचं चाललं होतं. तिच्या अंगात बारामतीच्या बाजारातला पातळ स्वेटर. मी कोट काढला.

"हे काय मामा? तुमी गारठाल."

"मी विमानात बसणार. तिथं पांघरूण देतात. तू धर."

"बापयाचा कोट मी घालू?"

"इथं कुणाला कळतंय बापयाचा का बाईचा! आणि हे बघ, पाठराखीण नवरीला टाकून एकटी येत नसती. मला तर जावं लागतंय. मग तुझ्यापाशी कुणीतरी नको?"

तिनं कोट अंगात चढवला. मग बाही तोंडाजवळ नेऊन तिनं काकूंचे टाके दातानं तोडले, एका हाताचे, मग दुसऱ्या हाताचे. बाह्या उलगडून खाली आल्या आणि बरोबर तिच्या मनगटावर थांबल्या. उंचीनं पोरगी बापावर गेलेली, हे मला ठाऊक होतं. पण खांदेसुद्धा तंतोतंत बसले.

गाडी आली. मी चढलो. काचेतून पाहिलं, तर फलाटावर दाजी उभे होते आणि त्यांच्या कोटावर माझ्या भाचीचा चेहरा होता. मग डोळ्यांनी पुढचं काही नीट दाखवलं नाही. मी ते थंडीवर ढकललं. समोरच्या बाईनं मला न मागता कागदी रुमाल दिला.

भवानीनगर

मुंबईहून एसटीनं, मग दुसऱ्या एसटीनं. भवानीनगरच्या थांब्यावर उतरलो, तेव्हा उन्हं कलली होती. नुसत्या सदऱ्यावर होतो. अक्का थांब्यावरच आली होती. हातात पाण्याचा तांब्या, आणि तांब्यावर भाकरीचे तुकडे. दूरचा प्रवास करून माणूस आलं, की त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, मग त्याला घरात घेतात. पाठराखीण आणि नवरी आल्या तर दोन तुकडे लागतात.

तांब्यावर दोन तुकडे होते.

फोनवर सगळं ठरलेलं होतं. ती रमलेय, हे अक्काला तिच्याच तोंडून कळलेलं होतं. तरी एसटीतून मी उतरल्यावर माझ्यामागं दाराकडं ती बघत राहिली. शेवटी कंडक्टरनं दार लावून घेतलं आणि गाडी निघून गेली.

"कोट कुठाय?" तिनं विचारलं.

"पोरीपाशी."

"बसला?"

"बरोब्बर बसला."

तिनं मान हलवली. एक तुकडा घेऊन माझ्यावरून ओवाळला, बाजूला टाकला, माझ्या पायांवर पाणी घातलं. मी पिशवी उचलायला वाकलो, तर तिनं "थांब" म्हटलं. दुसरा तुकडा अजून तिच्या हातात होता. माझ्या शेजारी, जिथं कुणीच नव्हतं, तिथं तिनं तो ओवाळला. हात उंच धरून, माझ्या डोक्याच्या बराच वर, सहा फुटांच्या माणसाला लागेल तेवढा उंच.

मग पाणी त्या रिकाम्या जागेवरही घातलं, आणि आम्ही घराकडं निघालो.